डायबेटिसचा कोर्स करू का? वॉर्डात काम करणाऱ्या सिस्टरच्या प्रश्नाला जरा लांबलेलं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालंय, तालुक्याच्या गावी छोट्या हॉस्पिटलात काही वर्षं वॉर्ड सांभाळलाय, आता डायबेटिस एज्युकेटर, म्हणजे पेशंटला डायबेटिस सांभाळायला शिकवणारी, व्हायचंय, ऑनलाइन कोर्सच्या जाहिराती ढीगभर दिसतात, त्यातला कुठला खरा, पगार वाढतो का, आणि कोर्सला पैसे भरायच्या आधी स्वतःचं स्वतः काय शिकता येईल.

पगाराचं आधी सांगून टाकते म्हणजे ते डोक्यातून जाईल. छोट्या हॉस्पिटलात सर्टिफिकेट दाखवलं म्हणून सहसा कोणी पगार वाढवत नाही. पुण्या-मुंबईत, नाशिक-नागपुरात डायबेटॉलॉजिस्टच्या क्लिनिकमधे, मोठ्या कॉर्पोरेट हॉस्पिटलात किंवा औषध कंपन्यांच्या पेशंट सपोर्टच्या कामात एज्युकेटरची वेगळी जागा असते, तिथे कागद कामाला येतो. कंपनीच्या कामात एक गोष्ट मात्र होते, इन्सुलिनच्या ज्या पेनचं रोज शिकवतो तेच पेन जगात भारी वाटायला लागतं, आणि ते आपल्याला कळतही नाही. नोकरी घ्या, पण हे डोक्यात ठेवून घ्या.

आता कोर्स. पीएचएफआयचा, म्हणजे पब्लिक हेल्थ फाउंडेशन ऑफ इंडियाचा, सीसीईबीडीएम म्हणून जो डायबेटिसचा कोर्स सगळ्यांनी ऐकलेला असतो तो डॉक्टरांसाठी आहे, त्यात तुम्हाला प्रवेश नाही, तेव्हा त्या नावाने कोणी पैसे मागत असेल तर सावध. आंतरराष्ट्रीय डायबेटिस फेडरेशनचं, म्हणजे आयडीएफचं, स्कूल ऑफ डायबेटिस ऑनलाइन आहे, त्यात छोटे फुकटचे कोर्सही आहेत, इंग्रजी आहे पण अवघड नाही, सुरुवात तिथून करा, एक रुपया जात नाही. बाकी हॉस्पिटलं, अकॅडम्या, असोसिएशनं यांचे कोर्स येत-जात असतात. मी नावावरून कोर्स जोखत नाही. मी एवढंच विचारते की तुमच्या हातात सिरिंज देऊन कोणी तुमचं इंजेक्शन बघणार आहे का, पेशंटच्या पायावर मोनोफिलामेंट (पायाची संवेदना तपासायचा नायलॉनचा दोरा) तुम्ही स्वतः लावणार आहात का, आणि तुम्ही पेशंटला समजावताना कोणी बाजूला बसून ऐकणार आहे का. तिन्हीला उत्तर ‘नाही, पण एमसीक्यू आहेत आणि सर्टिफिकेट लगेच डाउनलोड होतं’ असं असेल तर तो कोर्स माहितीसाठी करा, ट्रेनिंग समजू नका. नर्सिंग कौन्सिलचे सीएनई क्रेडिट, म्हणजे नोकरीत असताना शिकत राहिल्याचे गुण, मिळतात का तेही विचारा, रजिस्ट्रेशनच्या रिन्यूअलला उपयोगी पडतात.

आणि सर्टिफिकेट कुठलंही असू दे, तुमचं रजिस्ट्रेशन नर्सिंग कौन्सिलचंच राहतं. डोस बदलायचा अधिकार त्याने मिळत नाही. याच्यावर शेवटी परत बोलते कारण एज्युकेटर झाल्यावर सगळ्यात जास्त अडचण तिथेच येते.

आता मुख्य मुद्दा, आधी काय शिकायचं. बहुतेक कोर्स पॅनक्रियाज (स्वादुपिंड) आणि त्यातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा सेलपासून सुरू होतात. ठीक आहे, ते यायलाच पाहिजे. पण वॉर्डातल्या सिस्टरने ज्या चुकीने पेशंट आजच्या आज जाऊ शकतो ती चूक आधी बंद करावी, बाकी सगळं नंतर. आणि ती चूक बहुतेक वेळा इन्सुलिनच्या ताकदीची असते.

आपल्याकडे व्हायल मुख्यतः ४० युनिट प्रति मिलीची येते, १० मिलीची म्हणजे एका बाटलीत ४०० युनिट. पेनमधलं कार्ट्रिज १०० युनिट प्रति मिलीचं, ३ मिली, म्हणजे ३०० युनिट. सिरिंज पण दोन, लाल टोपीची ४० वाली आणि नारिंगी टोपीची १०० वाली. पेन बिघडलं किंवा पेनची सुई संपली आणि नातेवाईक म्हणाला सिस्टर यातूनच काढा ना सिरिंजने, आणि तुम्ही कार्ट्रिजमधून लाल टोपीच्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत ओढलं तर ते अर्धा मिली झालं, म्हणजे पेशंटला २० नाही, ५० युनिट गेले. अडीच पट. उलटं केलं, म्हणजे ४० ची व्हायल आणि नारिंगी सिरिंज, तर २० च्या खुणेवर फक्त ८ युनिट जातात आणि दोन दिवस सगळे विचार करत बसतात की शुगर का उतरत नाही. त्यामुळे कार्ट्रिजमधून सिरिंजने ओढायचंच नाही, आणि प्रत्येक वेळी बाटलीवरचा आकडा आणि टोपीचा रंग दोन्ही बघायचे, कितीही घाई असली तरी.

हेच डीकेएच्या इन्फ्युजनला. डीकेए म्हणजे इन्सुलिन कमी पडून रक्तात कीटोन नावाचं आम्ल साठतं तो जिवावरचा प्रकार, त्यात इन्सुलिन शिरेतून सतत चालू ठेवतात. ऑर्डर असते ५० युनिट रेग्युलर ५० मिली सलाईनमधे, म्हणजे १ मिलीला १ युनिट. परदेशी व्हिडिओ बघून शिकलेली मुलगी अर्धा मिली इन्सुलिन घेते, कारण तिकडे व्हायल १०० ची असते. आपल्या ४० च्या व्हायलमधून ५० युनिट म्हणजे सव्वा मिली. अर्धा मिली घेतलं तर पंपात २० च युनिट गेले आणि शीटवर ५० लिहिलेले. शिवाय इन्सुलिन प्लास्टिकच्या नळीला चिकटतं, म्हणून नवीन लाइन लावली की त्याच मिक्श्चरने साधारण २० मिली फ्लश करून मग जोडायचं, म्हणजे मिक्श्चर करतानाच तेवढं जास्तीचं करून ठेवायचं. आणि पोटॅशियमचा रिपोर्ट आल्याशिवाय इन्सुलिन चालू करायची घाई करायची नाही, पोटॅशियम ३.५ च्या खाली असेल तर इन्सुलिनने ते आणखी खाली जाऊन हार्टला धोका होतो. डॉक्टरांना हे माहीत असतंच, पण रात्री तीन वाजता रिपोर्ट हातात तुमच्या येतो.

लिहिण्याचं पण सांगते. शीटवर ‘युनिट’ पूर्ण लिहा. नुसतं इंग्रजी यू लिहिलं की घाईत ते शून्य दिसतं आणि १० चे १०० होतात. ब्रिटनमधे २०१० साली याच्यासाठी सरकारी सुरक्षा सूचना काढावी लागली होती, म्हणजे हा प्रश्न आपल्याच गचाळ अक्षराचा नाही.

मग जेवणाची वेळ. पुस्तकात लिहिलेलं असतं रेग्युलर इन्सुलिन जेवणाआधी अर्धा तास. पुस्तकातल्या हॉस्पिटलात ट्रे वेळेवर येतो, आपल्याकडे डबा गावाहून एसटीने येतो आणि एसटी पंक्चर होते. साडेबाराला इन्सुलिन दिलं, डबा आला अडीचला, दोन वाजता पेशंट घामाने चिंब. म्हणून डबा डोळ्याने दिसल्याशिवाय रेग्युलर द्यायचं नाही, डबा दिसला की टोचायचं आणि अर्ध्या तासाने उघडायला सांगायचं. अ‍ॅनालॉग असेल, लवकर काम करणारं, लिस्प्रो, अ‍ॅस्पार्ट वगैरे, तर जेवणाच्या तोंडावरच. आणि जिथे अजून फक्त ‘शुगर बघून तेवढं इन्सुलिन’ असा स्लायडिंग स्केल चालतो तिथे डॉक्टरांना नम्रपणे विचारायला काही हरकत नाही की बेसल, म्हणजे दिवसभर हळूहळू काम करणारं इन्सुलिन, चालू करायचं का, कारण नुसत्या स्लायडिंग स्केलवर पेशंट ठेवू नका असं गाइडलाइन्स कधीपासून सांगतायत. भरती पेशंटची शुगर बहुतेकांना १४० ते १८० च्या आसपास चालते, ९० आणायच्या नादात रात्री हायपो (शुगर फार खाली जाणं) करून ठेवू नका.

हायपो. ७० च्या खाली हायपो, ५४ च्या खाली गंभीर, हे सगळ्यांना पाठ असतं. पेशंट शुद्धीत असेल तर १५ ग्रॅम साखर, म्हणजे साधारण तीन चमचे पाण्यात, १५ मिनिटांनी परत तपासायचं, अजून कमी असेल तर परत द्यायचं. बिस्किटाने लगेच काम होत नाही, चॉकलेटने तर आणखी उशीर, त्यात फॅट असतं. पण खरी गोम वेगळीच आहे, आपल्याकडे व्होग्लिबोज आणि अकार्बोज या शुगरच्या गोळ्या भरपूर लोक घेतात, बऱ्याचदा तीन औषधं एकाच गोळीत असतात आणि पेशंटला नावही माहीत नसतं. या गोळीवर असलेल्या माणसाला घरातली साखर दिली तर ती आतड्यात फुटायलाच वेळ लागतो, त्याला ग्लुकोज पावडरच पाहिजे. म्हणून वॉर्डात हायपोच्या डब्यात साखर ठेवू नका, ग्लुकोज ठेवा, सगळ्यांनाच चालतं. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, नातेवाईक साखर भरवत असतील तर हात धरा, २५ टक्के डेक्स्ट्रोज शिरेतून.

आणि ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइड या शुगरच्या गोळ्यांवरचा हायपो, त्यात म्हातारा माणूस, त्यात क्रिएटिनिन वाढलेलं म्हणजे किडनी कमजोर, हा पेशंट डेक्स्ट्रोजने पाच मिनिटांत उठून बसतो, गप्पा मारतो, घरचे म्हणतात झालं बरं, घरी नेतो. जाऊ देऊ नका. गोळीचा असर उतरायला चोवीस तास किंवा जास्त लागू शकतात आणि दुसरा हायपो पहाटे घरी झोपेत येतो. कॅज्युअल्टीत दारू प्यालेला म्हणून कोपऱ्यात झोपवलेल्या माणसाची शुगर आधी बघायची, वास येत असला तरी. चिडचिड करणारे, अचानक असंबद्ध बोलणारे आजोबा यांची पण.

आता एक नवीन प्रकार जो जुन्या पुस्तकात सापडणार नाही. डापाग्लिफ्लोझिन या शुगरच्या गोळीचं पेटंट भारतात २०२० मधे संपलं, गोळी स्वस्त झाली आणि आता ती गावातल्या जीपीच्या चिठ्ठीवर पण असते, एम्पाग्लिफ्लोझिनचंही २०२५ मधे तेच झालं. औषध चांगलं आहे, हार्टला किडनीला फायदा आहे. पण या गोळीवरचा पेशंट उपाशी राहिला, उलट्या झाल्या, ऑपरेशनसाठी उपाशी ठेवला की कधी कधी शुगर १८०-२०० असताना सुद्धा डीकेए होतो. शुगर बघून सगळे निवांत, आणि पेशंट धापा टाकतोय, पोट दुखतंय. अशा वेळी कीटोन तपासायला सांगायचं. ऑपरेशनच्या आधी या गोळ्या साधारण तीन दिवस बंद ठेवतात, तेव्हा प्रीऑपला औषधांची पिशवी स्वतः उघडून बघायची सवय लावा, पेशंट ‘शुगरची एक गोळी’ एवढंच सांगतो.

ग्लुकोमीटरचं सगळ्यांना येतं असं वाटतं म्हणून कोणी शिकवत नाही. मे महिन्यात आंबा चिरून न धुतलेल्या बोटावर मीटर ३०० दाखवतो, हात धुऊन परत घेतलं की १६०. स्पिरिट वाळू द्या. एकच लॅन्सेट (बोटाला टोचायची सुई) दोघांना कधीच नाही, हिपॅटायटिस बी त्यातून पसरतो. एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी सांगणारी टेस्ट) बघताना हिमोग्लोबिन पण बघा, आयर्न कमी असेल तर तो खोटा जास्त येऊ शकतो, आणि सिकल सेल असेल तर खोटा कमी. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार भागात सिकल सेल जास्त आढळतो, तिथे काम करणाऱ्यांना हे फार महत्त्वाचं आहे, ६ आला म्हणून खूश व्हायचं आणि माणसाच्या घरच्या शुगर २५० असतात. आकडा आणि माणूस जुळत नसेल तर डॉक्टरांना सांगायचं.

इंजेक्शनच्या जागेबद्दल कोर्समधे एक स्लाइड असते आणि ती सगळे विसरतात. मी काय सांगते, प्रत्येक इन्सुलिनवाल्या पेशंटचं पोट हाताने चाचपायचं, नुसतं बघून भागत नाही. वर्षानुवर्षं एकाच जागी टोचलं की चरबीची गाठ होते, तिथे टोचायला दुखत नाही म्हणून पेशंट तिथेच टोचतो, आणि तिथून इन्सुलिन कधी लागतं कधी लागत नाही. मग डोस वाढत जातो. अशा माणसाला नवीन जागा दाखवताना डॉक्टरांना आधी सांगा, कारण चांगल्या जागेवर तोच डोस जास्त पडू शकतो आणि हायपो होतो. सुई ४ मिलिमीटरची पुरते, जाड माणसाला पण, दाबल्यावर दहा आकडे मोजून मग काढायची. गढूळ इन्सुलिन हलवायचं म्हणजे खळखळायचं नाही, तळहातात फिरवायचं आणि वरखाली करायचं, तळाशी पांढरं राहिलं तर डोस चुकला.

ठेवायचं कुठे हा प्रश्न शहरात कोणी विचारत नाही. न उघडलेली बाटली २ ते ८ डिग्रीत, फ्रीजच्या दारात चालेल, फ्रीझरमधे गेली तर टाकून द्यायची. उघडलेली साधारण चार आठवडे बाहेर चालते, पण मराठवाड्यात किंवा विदर्भात एप्रिल-मेमधे ‘बाहेर’ म्हणजे ४२-४४ डिग्री, ते बाहेर नाही चालत. फ्रीज नसेल तर माठाजवळ ओल्या वाळूत दुसरं छोटं मडकं ठेवायचं आणि बाटली प्लास्टिकच्या डबीत घालून त्यात, हे फार चांगलं चालतं. टाकीच्या पाण्यात, शर्टाच्या खिशात, एसटीच्या इंजिनाजवळ ठेवलेलं इन्सुलिन मी खूप बघितलंय.

पाय. मला विचाराल तर एज्युकेटरचं सगळ्यात दुर्लक्षित काम हेच. १० ग्रॅमचं मोनोफिलामेंट स्वस्तात मिळतं, स्वतःचं घ्या. पेशंटचे डोळे मिटवून, वाकेपर्यंत दाबायचं, दीड-दोन सेकंद, घट्ट्यावर लावायचं नाही. आपल्याकडे एक अडचण वेगळी आहे, आजोबा पाय मागे घेतात, म्हणतात सिस्टर पायाला हात लावू नका, बरं दिसत नाही. त्यांना हसून सांगायचं की हे माझं काम आहे, आणि पाय हातात घ्यायचाच. बोटांच्या मधे बघायचं, चपलेत हात घालून खिळा बाहेर आलाय का बघायचं. उन्हाळ्यात देवळाच्या फरशीवर अनवाणी, वारीला अनवाणी, कुरूप ब्लेडने कापणं, थंडीत गरम पाण्याची पिशवी पायावर, सगळ्या जखमा अशा सुरू होतात आणि माणसाला दुखतच नाही. वारीला जाऊ नका म्हणून सांगायला जाऊ नका, ते ऐकणार नाहीत आणि परत येणार पण नाहीत. बूट-मोजे, रोज मुक्कामाला पाय तपासायचे, इन्सुलिन कमी करायचं का ते निघायच्या आधी डॉक्टरांना विचारायचं, जवळ ग्लुकोज, हे सांगितलं तर ऐकतात.

उपास पण तसाच. एकादशीला साबुदाण्याची खिचडी आणि बटाटा खाऊन ‘आज उपास होता तरी शुगर वाढली’ म्हणणारे रोज भेटतात. भगर, साबुदाणा, केळी, रताळं यांत काय किती हे तुम्हाला पाठ पाहिजे. मुस्लिम पेशंटला रोज्यात बोटातून शुगर तपासल्याने रोजा तुटत नाही हे सांगायचं, ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा सोडायला पाहिजे, आणि गोळ्यांचं रमजानच्या महिना-दोन महिने आधीच डॉक्टरांकडून ठरवून घ्यायचं. ज्वारी चालते म्हणून चार भाकऱ्या खाणारे वेगळेच. आहार शिकवताना पेशंटला एकट्याला बसवू नका, घरात जो स्वयंपाक करतो त्याला बोलवा, नाहीतर तुमचा अर्धा तास वाया गेला समजा.

‘मी तर बारीक आहे, मला कशी शुगर होईल’ याचं उत्तर देता यायला पाहिजे. पुण्याच्या केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा २००४ मधला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातला फोटो शोधून बघा. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) सारखाच, २२.३, पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. हा एक फोटो मोबाईलमधे ठेवा, अर्ध्या तासाच्या लेक्चरपेक्षा पेशंटला पटकन कळतं.

समजावण्याचं म्हणाल तर ‘समजलं का’ हे विचारणंच बंद करा, सगळे हो म्हणतात, न समजलेले सगळ्यात मोठ्याने म्हणतात. ‘घरी गेल्यावर सूनबाईंना काय सांगाल ते मला सांगा’ असं म्हणा, किंवा इंजेक्शन रिकाम्या सिरिंजने करून दाखवायला लावा. वर्षानुवर्षं इन्सुलिन घेणाऱ्याला पण. इन्सुलिन म्हणजे शेवटची स्टेज, एकदा चालू झालं की सुटत नाही, ही भीती गोड बोलून जात नाही, त्यांच्या ओळखीतला कोण इन्सुलिन चालू झाल्यावर वारला ते आधी विचारायचं, बहुतेक वेळा एक नाव असतंच, आणि त्या माणसाचं काय झालं होतं यावर बोललं की गाडी पुढे सरकते. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२३ मधे जाहीर झालेल्या पाहणीत देशात डायबेटिसवाले १० कोटींच्या वर निघाले, एवढ्यांना डॉक्टर बसून शिकवतील हे शक्यच नाही. बॉस्टनच्या जोस्लिन डॉक्टरांनी तर इन्सुलिनच्या सुरुवातीच्या काळातच घरोघर जाऊन शिकवणाऱ्या नर्स ठेवल्या होत्या, म्हणजे हे काम नवीन नाहीये, आपल्याकडे फक्त त्याला वेगळा वेळ कोणी देत नाही.

सरकारीकडे जायचा विचार असेल, सीएचओ (गावातल्या आरोग्य केंद्राची अधिकारी) वगैरे, तर तीस वर्षांवरच्यांचं स्क्रीनिंग, सीबॅक फॉर्म (आजाराचा धोका जोखायची प्रश्नावली), आणि गरोदर बाईची ७५ ग्रॅम ग्लुकोजची टेस्ट हे पक्कं करून ठेवा. ती टेस्ट जेवली असेल-नसेल कधीही करतात, दोन तासांनी १४० किंवा वर आली तर गरोदरपणातला डायबेटिस. पहिल्या भेटीत एकदा आणि २४ ते २८ आठवड्यांत परत, पहिली नॉर्मल आली म्हणून दुसरी सोडायची नाही.

आता ते डोसचं. थोडे दिवस चांगलं काम केलंत की पेशंट तुमचा नंबर मागतील आणि रात्री फोन येईल, सिस्टर शुगर ३४० आहे, किती वाढवू. तोंडी सांगून मोकळं व्हायचा मोह होतो, कारण उत्तर तुम्हाला बऱ्याचदा माहीत असतं. सांगू नका. तुमच्या डॉक्टरांशी बसून आधीच लेखी करून घ्या की कुठल्या पेशंटला किती आकड्याला किती युनिटपर्यंत फोनवर सांगायची परवानगी आहे, त्यावर त्यांची सही, आणि पेशंटच्या फाइलमधे कॉपी. आलेला प्रत्येक फोन वेळेसकट वहीत लिहा. जे त्या कागदात बसत नाही, किंवा उलट्या, धाप, गुंगी यातलं काही आहे, ते डॉक्टरांकडे, डॉक्टर फोन उचलत नसतील तर सरळ कॅज्युअल्टीत, आणि गावात कॅज्युअल्टी नसेल तर १०८.